शाबान उस्तादला कोणी खाल्लं

रोज सकाळी नादिरेमावशी आदल्या दिवशीचा चहाचा चोथा दारापुढच्या दगडी डोणीत टाकायची आणि डोणीकडे बघून म्हणायची, "घे, खा. आज एवढंच आहे."

आमच्या आणि तिच्या अंगणात छातीएवढी भिंत, त्यामुळे हे वाक्य मी दर सुट्टीत कोंबड्यांच्या आवाजासारखं ऐकत आले. सुरुवातीला मला ती गंमत वाटायची. ती शिवी आहे, हे मला उशिरा कळलं.

डोणीत पुदिना होता आणि मिरचीची रोपं होती. टेकडीच्या पश्चिम उतारावर जुन्या लोकांच्या अशा कितीतरी दगडी शवपेट्या पडल्या आहेत. कुणाची कड फुटलेली, कुणाचं झाकण बाजूला सरकलेलं. त्यातली एक कधी काळी कुणीतरी बैलांकडून ओढवून या दारात आणली आणि तेव्हापासून ती पेटी न राहता डोण झाली. शेळ्यांनी तिच्यात पाणी प्यायलं. सासवांनी तिच्यात लोकर धुतली, द्राक्षं तुडवली. नादिरेमावशीच्या नवऱ्याला लहानपणी उन्हाळ्यात तिच्यातच बसवून न्हाऊ घालत.

हॉटेलचा गाईड पाहुण्यांना घेऊन वर जुन्या ग्रीक देवळाकडे निघाला की आमच्या गल्लीत हमखास थांबायचा. डोणीवर हात ठेवून आवाज खाली आणायचा. "हा दगड माणूस खातो," तो म्हणायचा. पाहुणे हात मागे घ्यायचे, मग हसायचे, मग फोटो काढायचे.

मावशी उंबऱ्यावर बसून लेस विणत असायची. तीही मान वर न करता बोलायची. "यात आम्ही पोरं न्हाऊ घातली. एकाच्याही करंगळीचं टोक कमी झालं नाही. याला खरंच भूक असती तर मेल्या, आधी तुला वाढला असता."

"काय म्हणाल्या आजी?" एखादी पाहुणी विचारायची.

"या, बसा म्हणतायत," गाईड सांगायचा.

या पेट्यांना आम्ही लाहित म्हणतो. शब्द अरबीतून आलेला. कबर खणली की तिच्या एका भिंतीत, आत, देहापुरता कोनाडा कोरतात, त्या कोनाड्याचं हे नाव. मुळात अर्थ एका अंगाला कलणं असा. म्हणजे माणूस मातीच्या कुशीत, कुशीवर. जगाला मात्र या पेटीचं दुसरं नाव माहीत आहे, सार्कोफागस, आणि ते नाव आमच्या असोसच्या टेकडीचं म्हणून सांगतात. जुन्या ग्रीक बोलीत सार्क्स म्हणजे मांस आणि फागेइन म्हणजे खाणं. असोसच्या दगडात ठेवलेलं प्रेत चाळीस दिवसांत नाहीसं होतं, फक्त दात उरतात, असं एका रोमन पंडितानं लिहून ठेवलं. तो स्वतः इथे येऊन थांबला होता की नाही, कोण जाणे. आधी हा शब्द दगडाचं विशेषण होता, मग पेटीचं नाव झाला, मग रोमनांकडून सगळ्यांनी घेतला. आज इजिप्तच्या राजांच्या पेट्यासुद्धा याच नावानं ओळखतात, आणि त्या राजांचं मांस तर अजून शाबूत आहे.

दगड खरंच काही खातो का, यावर अभ्यासकांत वाद आहे. आमच्या गल्लीत तो कधीच नव्हता.

नादिरेमावशीचा नवरा, शाबान उस्ताद, पाथरवट होता. त्याच्या बापाची टाकी आणि हातोडा त्यानं वापरला. त्याच्या हातचा दगड भिंतीत बसला की मधे सुरीचं पातं जात नसे, असं गाव म्हणायचं. गाव जरा वाढवून बोलतं, पण भिंती आहेत, जाऊन बघता येतात. बोलायला तो मऊ. भांडण झालं की आमच्या अंगणात येऊन अंजिराखाली बसायचा आणि आईला म्हणायचा, "वादळ ओसरलं की हाक मारा."

रुश्तूशेठ आमच्याच गावचा. लहानपणी इस्तंबूलला गेला, मोठा होऊन परतला. वरच्या आळीतली पडकी घरं घेऊन त्यानं हॉटेल बांधायला काढलं. सगळं दगडात, सगळं जुन्या पद्धतीचं. शाबान उस्तादाशिवाय ते होणार नव्हतं. पहिलं वर्ष टाकी-हातोड्यानं काम चाललं. मग शेठला घाई झाली आणि दगड कापायची चक्री आली.

चक्री पत्र्याच्या शेडमध्ये बसवली. दारं उघडी असायची तोवर धूळ वाऱ्यावर जायची, लोक खोकून विसरायचे. पुढच्या उन्हाळ्यात हॉटेलचा एक भाग सुरू झाला आणि पाहुण्यांनी तक्रार केली की, आवाजानं दुपारची झोप होत नाही. म्हणून शेडची दारं लावून घेतली. आत शाबान उस्ताद आणि चक्री.

अशा चक्रीच्या पात्यावर पाण्याची बारीक धार सोडली की धूळ उडत नाही, चिखल होऊन खाली बसते. हे शाबानला माहीत होतं, शेठलाही माहीत होतं. एक रबरी नळी आणि थोडं पाणी. त्या उन्हाळ्यात हॉटेलच्या पोहण्याच्या तलावालाच पाणी पुरत नव्हतं.

संध्याकाळी भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं.

"नळी मागितलीस?"

"मागितली."

"मग?"

"बघतो म्हणाला."

"काय बघतोय? तुझा जनाजा?"

"अगं, कामात असतो माणूस. मनानं वाईट नाही."

"मन घरी ठेवून येतो का तो?"

तोंडाला बांधायचा रुमाल ती रोज धुवायची. ते पाणी भिजवलेल्या पिठासारखं दाट व्हायचं. एकदा तिनं ती वाटी तशीच हातात धरून आमच्या भिंतीवर ठेवली आणि आईला म्हणाली, "बघ. हे रुमालानं अडवलं. जे अडलं नाही ते कुठे आहे?"

ते कुठे होतं, हे चनक्कलेच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून दाखवलं. धूळ आत बसली होती, ती निघणारी नव्हती. त्यानंतर शाबान उस्ताद अंजिराखाली बसायचा तो भांडणामुळे नव्हे, तर तिथवर आल्यावर पुढे चालवत नसे म्हणून. जिना चढून स्वतःच्या दारात पोचायला त्याला मधे दोनदा टेकावं लागायचं. बदाम फुलले होते तेव्हा तो गेला.

आमच्याकडे जनाज्याची नमाज झाली की इमाम जमलेल्यांना विचारतो, या माणसावर तुमचे जे हक्क असतील ते तुम्ही सोडलेत का? लोक म्हणतात, सोडले. असं तीनदा. कारण अल्ला त्याच्या वाटचे गुन्हे माफ करतो, पण माणसाचा माणसावरचा हक्क ज्याचा त्यानंच सोडायचा असतो. तो सोडला नाही तर मेलेला तसाच, बांधलेला जातो.

शाबान उस्तादच्या वेळी पहिल्या रांगेत रुश्तूशेठ उभा होता. काळा कोट, हात पोटावर बांधलेले. इमामांनी विचारलं, आणि सगळ्यांत मोठा, सगळ्यांत स्वच्छ आवाज त्याचा आला. "सोडले. सगळे सोडले."

आम्ही बायका मागे, मशिदीच्या भिंतीशी. नादिरेमावशी माझ्या आईचा दंड धरून उभी होती. तिनं हळूच विचारलं, "हा काय सोडतोय? शाबानकडे याचं काय राहिलं होतं?"

आईनं तिला गप्प केलं. ती गप्प राहिली. त्या दिवशी राहिली.

कबरीच्या उशाशी दगड लावायचा असतो. गावातल्या दुसऱ्या दोन पाथरवटांनी येऊन सांगितलं, वहिनी, आम्ही कोरून देतो, उस्तादाचा मान आहे. ती नको म्हणाली. ऑलिव्हच्या लाकडाची फळी तिनं सुताराकडून घेतली आणि स्वतः माती दाबून उभी केली. आमच्या कबरस्तानात लाकडाची फळी असलेली ती एकच कबर, आणि ती गावातल्या सगळ्यांत चांगल्या पाथरवटाची.

पुढच्या उन्हाळ्यात हॉटेलच्या जेवणघरात एक मोठा फोटो लागला. शाबान उस्ताद दगडावर वाकलेला, भुवया धुळीनं पांढऱ्या, डोळे बारीक केलेले. फोटो चांगला होता, हे मान्य करावं लागेल. खाली दोन भाषांत मजकूर: मांस खाणाऱ्या दगडाचा शेवटचा उस्ताद. त्याखाली रोमन पंडिताची गोष्ट, चाळीस दिवसांसकट, दातांसकट. जेवणाच्या यादीत एक नवा पदार्थ आला होता, लाहित कबाब. तापलेल्या दगडी पाटावर मांस चरचरत टेबलावर यायचं आणि वाढपी म्हणायचा, लवकर खा, नाहीतर दगड खाईल.

हे तिला आमच्याच नात्यातल्या एका वाढप्यानं सांगितलं. त्याला वाटलं, तिला अभिमान वाटेल.

मी सुट्टीत इझमिरहून घरी आले होते. ती म्हणाली, "तुला वाचता येतं सगळं. माझ्याबरोबर चल." जेवणघरात पाहुणे होते. ती सरळ फोटोसमोर जाऊन उभी राहिली. बराच वेळ त्या भुवयांकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "खाली काय लिहिलंय ते वाच." मी वाचलं. शब्द कुठून आला ते तिनं विचारलं. मी सांगितलं. ती ऐकत होती, आणि तिचा चेहरा बघून मला वाक्य कुठे संपवावं ते कळेना.

रुश्तूशेठ लगबगीनं आला. "वहिनी, या या. अरे, चहा आणा वहिनींना."

"चहा नको. हे खाली काढ."

"अहो, मान दिलाय मी त्याला. जगातून लोक येतात, शाबानचं नाव वाचतात."

"नाव वाचतात आणि काय समजतात? दगडानं खाल्लं?"

"गोष्ट आहे हो ती. जुनी गोष्ट आहे. लोकांना आवडते."

"मग खाली खरी गोष्ट लिही. यानं पाण्याची नळी मागितली होती. तुझा तलाव भरायचा होता. तुझ्या पाहुण्यांना झोपायचं होतं, म्हणून दारं लावली. लिही ना. दोन्ही भाषांत लिही."

शेठ हसला. राग आला असता तर बरं झालं असतं, पण तो हसला, पाहुण्यांकडे बघत. "दगडाचं काम आहे, वहिनी. दगडाच्या कामात असं होतं. त्याच्या नशिबात होतं."

"दगडाच्या नावावर घालू नकोस. दगड माझ्या दारात आहे, त्यात पुदिना येतो. त्याला खाल्लं तुझ्या लावलेल्या दारांनी."

चहा आला होता. लहान पेल्यात, बशीत साखरेच्या दोन वड्या. तिनं त्याला हात लावला नाही. आमच्या गावात कुणाच्या घरचा चहा समोर ठेवल्यावर न पिता उठणं ही लहान गोष्ट नाही. वाढपी पेला उचलू की नको, अशा संकोचात उभा राहिला.

तिनं सरपंचाला सांगितलं. सरपंच काझिम म्हणाला, फोटो हॉटेलवाल्यानं काढवून घेतला, भिंत हॉटेलची, मी काय करू? पोलिसांनी तेच सांगितलं, जरा कमी शब्दांत. गावातल्या बायका म्हणाल्या, माझा मुलगा तिथे आहे, माझी सून तिथे आहे, तू बोललीस की त्यांना ऐकावं लागतं. तिला ते कळत होतं. ती कुणाशी वाकडं वागली नाही. फक्त डोणीत चोथा टाकताना "घे, खा" म्हणायला तिनं तेव्हापासून सुरुवात केली. गाईड समोर असला की जरा मोठ्यानं.

पाच-सहा वर्षं असंच गेलं. फोटो भिंतीवर होता. मी शिकून शिकवायला लागले, आणि दर सुट्टीत आल्यावर ती विचारायची, "आहे का अजून?" स्वतः जाऊन बघायची नाही. मी सांगायची, आहे. ती म्हणायची, "बरं."

मग एका हिवाळ्याच्या तोंडावर, ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत, रुश्तूशेठ गेला. सकाळी हृदय बंद पडलं. मी सुट्टी काढून आले होते आणि आम्ही झाडाखाली कापड अंथरून फांद्या झोडत होतो. मशिदीच्या भोंग्यावरून मृत्यूची खबर आली, मग नाव. सगळ्यांचे हात थांबले. नादिरेमावशीचे थांबले नाहीत.

आई म्हणाली, "नादिरे, आता सोड. मेला ना तो."

"मेला म्हणूनच. इतकी वर्षं मला कुणी विचारलं नाही. उद्या विचारणार आहेत."

"अगं, ते सगळ्या गावाला विचारतात."

"मग मी गावात आहे की नाही?"

"त्याला तसाच पाठवणार? बांधलेला?"

"मी कुठे पाठवतेय. आपल्या पायांनी गेलाय."

मग आईनं शेवटचा उपाय काढला. "शाबान असता तर त्यानं सोडलं असतं."

"असता तर ना," मावशी म्हणाली आणि कापडाचं टोक उचलून ऑलिव्ह मधे लोटायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजनंतर मशिदीच्या अंगणात सगळं गाव होतं. बाहेरगावच्या गाड्या खालच्या चौकापर्यंत उभ्या होत्या. दगडी चौथऱ्यावर हिरवी चादर घातलेली पेटी. पहिल्या रांगेत शेठचा मुलगा सेरहात, डोळे सुजलेले. बाप जिवंत असल्यापासून हॉटेलचं रोजचं काम तोच बघायचा. आम्ही मागे भिंतीशी.

बेकिर इमाम सरकारनं नेमलेले, तिशीतले, शांत माणूस. नमाज झाली. त्यांनी वळून विचारलं, "या माणसाला तुम्ही कसं ओळखत होता?"

"चांगला होता," लोक म्हणाले.

"त्याच्यावर तुमचे जे हक्क असतील ते सोडलेत का?"

"सोडले."

"सोडलेत का?"

"सोडले."

तिसऱ्यांदा विचारलं, आणि लोकांचे आवाज खाली बसायच्या आत मागून नादिरेमावशीचा आवाज आला. ओरडली नाही. दुकानात हिशेब चुकला तर सांगतात तसं सांगितलं.

"मी नाही सोडला."

सगळी डोकी मागे वळली. बायकांची डोकी तिच्यापासून लांब वळली. माझ्या आईनं डोळे मिटून घेतले.

काझिम सरपंच पुढून म्हणाला, "नादिरे, अक्कल ठिकाणावर आहे का? मयत समोर आहे."

"समोर आहे म्हणून बोलतेय. पाठीमागे बोलायची मला सवय नाही."

"बायकांनी इथे बोलायचं नसतं," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"मग बायकांचे हक्क घ्यायचेही नसतात. मला विचारलं, मी उत्तर दिलं. उत्तर नको असेल तर विचारत जाऊ नका."

इमामांना पुढे जाता आलं असतं. पेटी उचलायला सांगितलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती, उलट सुटकेचा श्वास टाकला असता. पण ते थांबले. सेरहातकडे बघून म्हणाले, "तुझ्या वडिलांचं आहे. मला यात बोलता येत नाही."

सेरहात रांग सोडून मागे आला. वयानं माझ्याहून थोडा मोठा, आम्ही एकाच शाळेतले. "मावशी, काय हवंय तुला?"

"तुला माहीत आहे."

त्याला माहीत होतं. कुणालातरी पाठवता आलं असतं, पण तो स्वतः गेला. हॉटेल मशिदीपासून जवळच, तरी तो परत येईपर्यंतचा वेळ फार लांबला. माणसं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होती. एक मांजर येऊन पेटीच्या सावलीत आडवं झालं आणि त्याला हाकलावं की नाही, हे कुणाला ठरवता येईना. बाहेरगावचे लोक शेजाऱ्यांना हळूच विचारत होते, ही बाई कोण? शेजारी सांगत होते, पाथरवटाची बायको. कुणी कुणी पुढचंही सांगत होते. त्या वेळात किती तोंडांतून ती नळी आणि ती दारं फिरली असतील, मला सांगता येणार नाही. इतक्या वर्षांत गावात जेवढं बोललं गेलं नाही, तेवढं त्या अंगणात कुजबुजलं गेलं.

सेरहात आला. बगलेत चौकट, दुसऱ्या हातात मजकुराची पाटी. त्यानं दोन्ही तिच्यासमोर धरलं. तिनं चौकट घेतली, पाटी त्याच्याकडेच राहू दिली.

"हे माझं. ते तुझं," ती म्हणाली. "आता सांग."

"काय सांगू?"

"त्यानं काय मागितलं होतं?"

"नळी."

"मोठ्यानं. शाबानवरचे हक्क सोडताना तुझा बाप मोठ्यानं बोलला होता."

सेरहातनं मान वर केली. "शाबान उस्तादांनी चक्रीला पाण्याची नळी मागितली होती," तो म्हणाला. "मला सांगितलं होतं. एकदा नाही, पुष्कळदा. मी अब्बांना सांगितलं. ते नाही म्हणाले." वाटलं, संपलं. मग म्हणाला, "शेडची दारं मी लावायचो."

हे शेवटचं तिनं मागितलं नव्हतं. ते तिलाही माहीत नव्हतं. चौकट धरलेले तिचे हात किंचित खाली आले.

इमामांनी विचारलं, "आता, मावशी?"

"माझा जो होता तो सोडला," ती म्हणाली. "शाबानचा माझ्याकडे नाही. तो माझ्या हातात कधी नव्हताच. तिकडे दोघांनी समोरासमोर बसून बघावं."

पेटी उचलली. खांद्यांवरून खांद्यांवर गेली. ती कबरस्तानापर्यंत आली नाही. फोटो घेऊन घरी गेली आणि उरलेल्या ऑलिव्ह निवडायला बसली.

कुणी तिचं कौतुक केलं नाही. अर्ध्या गावानं बोलणं कमी केलं. हॉटेल तिच्याकडून ओव्यासारख्या वासाचा सुकवलेला रानपाला घ्यायचं, ते बंद झालं. जेवणघरात नवा फोटो लागला, माणसाशिवायचा, फक्त पेट्यांचा. खाली तीच गोष्ट, तेच चाळीस दिवस, तेच दात. कबाबही आहे. गाईड अजून आवाज खाली आणतो, फक्त दुसऱ्या गल्लीत.

मला त्या गोष्टीचा राग येतो. वर्गात सार्कोफागस हा शब्द आला की फळ्याकडे तोंड करून उभं राहावंसं वाटतं. या टेकडीतून हजारो पेट्या कापल्या गेल्या, जहाजांनी लांब लांब गेल्या. त्या कुणीतरी कापल्या. उन्हात, लोखंडानं, कोरड्या दगडावर. त्यांच्या तोंडावर रुमाल होता का, ते खोकायचे का, त्यांना कुणी पाणी दिलं का, हे त्या रोमन पंडिताला विचारावंसं वाटलं नाही. त्याला पेटीत मेलेल्या श्रीमंताचं मांस कुठे गेलं याचं नवल वाटलं. बाहेर उभं राहून पेटी कापणाऱ्याचं काय झालं, याचं वाटलं नाही. आणि खाल्लं कोणी, तर दगडानं. दगड काही बोलत नाही, त्याच्या नावावर काहीही घालता येतं. इतक्या भाषांनी तो शब्द जसाच्या तसा घेतला, एकीनंही विचारलं नाही.

नादिरेमावशी मागच्या वसंतात गेली, झोपेत. आईनं फोन केला आणि मी पहिल्या बसनं आले. बेकिर इमामांनी तीनदा विचारलं, लोकांनी तीनदा सोडले म्हटलं. जरा घाईनं म्हटलं, असं मला वाटलं. सेरहात शेवटच्या रांगेत होता. त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही.

त्याआधीच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा सेरहातनं आमच्या गल्लीच्या वर नवं बांधकाम काढलं होतं. शेडला दारंच नव्हती आणि चक्रीवर दिवसभर पाणी सुटलेलं असायचं. ते राखाडी पाणी दगडाचा गाळ घेऊन गल्लीतून सरळ खाली यायचं. सगळी आळी सरपंचाकडे तक्रार करत होती, पायऱ्या निसरड्या झाल्या, उंबरे खराब झाले. मावशीनं तक्रार केली नव्हती. मी इझमिरला परत निघाले होते, बसला वेळ होता म्हणून निरोप घ्यायला तिच्या दारात गेले. ती आत तव्यावर पालक आणि चीज भरलेली पोळी भाजत होती. माझे बूट घोट्यापर्यंत त्या गाळानं भरले होते. तिनं तव्यावरून नजर न उचलता म्हटलं, "बूट बाहेर काढ, आणि एक पोळी कागदात गुंडाळून घेऊन जा, बसमध्ये ते महागडं काही खात बसू नकोस."